क्षारांचे नवे भगत

अंगारा देणारा जुना भगत बरा होता, असे म्हणण्याची पाळी आता आली आहे. तो निदान आपल्या अंगाऱ्याला रसायनशास्त्र म्हणत नसे. हल्लीचा भगत गळ्यात टाय बांधून दारात उभा राहतो आणि सांगतो, ‘तुमच्या शरीरातील क्षारांचा तोल बिघडला आहे.’ तो कोणी मोजला, कशाने मोजला, हे विचारावयाचे नाही.

माझे शास्त्र मॅट्रिकपुरते. मुलांना शिकवतो म्हणून टिकून राहिलेले. पण ह्या मंडळींपुढे तेवढे पुरते. त्यांचा आवडता प्रयोग पाहा. दोन पेले घ्यावयाचे, एकात तुमच्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्यांच्या यंत्राचे. दोहोंत लोखंडी कांड्या बुडवून वीज सोडावयाची. बघता बघता नळाचे पाणी गढूळ, तपकिरी, गटारासारखे होते. यंत्राचे तसेच निर्मळ राहते. घरातली बाई तोंडाला पदर लावते आणि तिथेच सौदा ठरतो. अहो, ती घाण पाण्यातली नव्हे, कांडीतली आहे! पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते आणि लोखंड झिजून त्याचा गंज पाण्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यातले क्षार काढलेले, म्हणून वीज जवळजवळ वाहतच नाही. त्या निर्मळ पेल्यात आपल्या डब्यातले चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा वीज सोडा. तेही गटार होते. आठवीतल्या पोराला हे कळते.

आणि गंमत अशी, की क्षार काढणारे यंत्र खपले, की असलेच दुसरे गृहस्थ क्षार घालणारे यंत्र घेऊन येतात. त्याची किंमत लाखाच्या घरात. त्याचे पाणी म्हणे रक्तातले आम्ल मारते! आम्लतेच्या पट्टीवर निरोगी रक्त 7.35 ते 7.45 एवढ्या चिंचोळ्या जागेत असते. तिथे त्याला राखतात ती फुप्फुसे आणि मूत्रपिंडे, रात्रंदिवस आणि फुकट. ते खरोखर ढळले तर माणूस यंत्राच्या दुकानात जात नाही, इस्पितळात जातो. शिवाय ते अमृत आधी पडते जठरात, जिथे जेवण पचविणारे तीव्र आम्ल आधीच हजर असते. सर्व रोगांचे मूळ आम्ल, हे मत अमेरिकेत रॉबर्ट यंग नावाच्या गृहस्थाने पुस्तके लिहून गाजविले. परवान्यावाचून वैद्यकी केल्याबद्दल 2016 साली तिथल्या न्यायालयात तो दोषी ठरला. त्याचे मत मात्र आपल्याकडे सुखाने नांदते आहे.

मला चीड येते ती ह्याची, की क्षारांचा तोल ही थट्टेची गोष्ट नाही. 1971 साली बांगला देशचे निर्वासित बनगावला आले, पटकीने पटापट मरू लागले. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांत भरले आणि नातेवाइकांकरवी रोग्यांना पाजले. शंभरांत तीसच्या घरात माणसे मरत होती. ते प्रमाण चारच्याही खाली आले. आजच्या पुडीत लिटरभर पाण्यासाठी 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ आणि आणखी दोन क्षार असतात. तोल म्हणतात तो हा. साखर भलतीच वाढली, तर ती आतड्यात उलट पाणी ओढते आणि हगवण बळावते.

आणि तसलीच गोडमिट्ट पेये वर्षानुवर्षे ‘ओआरएस’ हे नाव मिरवीत औषधांच्या दुकानांत विकली गेली! हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष ह्या बालरोगतज्ज्ञ बाई अनेक वर्षे भांडल्या, तेव्हा कुठे 2025 च्या ऑक्टोबरात सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरण्यास मनाई केली. तोवर किती आयांनी जुलाबाने सुकलेल्या पोराला ती बाटली विश्वासाने पाजली असेल, त्याचा हिशेब कोण देणार?

आमच्या गावच्या दुकानात मी पुडी मागतो, तेव्हा दुकानदार हटकून म्हणतो, “गुरुजी, बाटली न्या की. चवीला बरी लागते.”