डबीवरची बारीक अक्षरं : कॅफीन पाउचच्या निमित्ताने



गेल्या महिन्यात माझ्या पाचवीच्या वर्गात एका मुलाच्या दप्तरात एक गोल, चपटी, चकचकीत डबी दिसली. खोडरबर आणि पेन्सिलीचे तुकडे ठेवायला त्याने ती आणली होती. उघडली तर पुदिन्याचा वास अजून येत होता. "दादाची आहे मॅडम. तो अभ्यासाला बसला की यातली पुडी ओठाखाली ठेवतो. झोप येत नाही म्हणे." दादा शहरात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, सुट्टीला घरी आला होता.

'पुडी' आणि 'ओठाखाली' हे शब्द ऐकून माझ्या छातीत धस्स झालं. आपल्याकडे ओठाखाली काय धरतात ते काय सांगायला हवं! मधल्या सुट्टीत मोबाइलच्या कॅमेऱ्याने अक्षरं मोठी करून डबी वाचली. तंबाखू नव्हती, निकोटीनही नव्हतं. होतं कॅफीन. एका पाउचमध्ये ५० मिलीग्रॅम, आणि डबीत २० पाउच.

संध्याकाळी मुलाच्या आईला फोन केला. त्या म्हणाल्या, "तंबाखू नाही ना मॅडम? मग काही हरकत नाही." दुसऱ्या दिवशी शाळेत एका सहकाऱ्याने घटकांची यादी पाहिली आणि म्हणाले, "बापरे, केवढी ही केमिकल्स!" मला विचाराल तर दोघांचंही चुकलं. आईंनी यादी वाचलीच नाही. सरांनी वाचली, पण ते भलत्याच शब्दांना घाबरले.

यादीत असतं तरी काय?

लेबल वाचताना पहिला नियम लक्षात ठेवा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. सगळ्यात जास्त असेल तो पहिला. अशा पाउचमध्ये बहुधा पहिलं नाव असतं मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज किंवा वनस्पतीचा तंतू. नाव ऐकून दचकू नका. सेल्युलोज म्हणजे वनस्पतींच्या पेशींची भिंत ज्याची बनते तो पदार्थ. गवारीच्या शेंगेतही तो असतो. पुडीला आकार द्यायला तो भरतात.

ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल हे ओलावा टिकवायला असतं. सुक्रालोज (क्रमांक ९५५) आणि एसिसल्फेम पोटॅशियम (क्रमांक ९५०) हे साखरेविना गोडी आणतात, शिवाय कॅफीनची कडू चव झाकतात. सोडियम बायकार्बोनेट म्हणजे आपला खायचा सोडाच. त्याचा भाऊ सोडियम कार्बोनेट. हे दोघे आम्लता सांभाळतात.

या सोड्यावरून एक गोष्ट सांगते. तंबाखूला चुना का लावतात? चुन्याने निकोटीन मोकळं होतं आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून लवकर रक्तात जातं. निकोटीनच्या पाउचमध्ये चुन्याचं तेच काम सोडियम कार्बोनेट करतं. कॅफीनला मात्र अस्तर ओलांडायला अशा मदतीची फारशी गरज नसते. म्हणजे एकच घटक, पण शेजारी कोण बसलंय यावर त्याचं काम ठरतं. म्हणून एकेक नाव सुटं न वाचता यादी पूर्ण वाचायची.

काही पाउचमध्ये टॉरिन आणि ब गटातली जीवनसत्त्वंही घालतात. डबीवर ती मोठ्या अक्षरांत मिरवतात आणि खरा काम करणारा घटक बारीक अक्षरांत राहतो. कधी 'एनर्जी ब्लेंड' असं लिहून सगळ्यांचं मिळून एकच वजन देतात. त्यात कॅफीन नेमकं किती ते कळतच नाही. असं लेबल असेल तर ती वस्तू घरात आणू नये, हे माझं स्पष्ट मत.

खरा प्रश्न मात्रेचा

अवघड नावाचे बहुतेक घटक इतक्या थोड्या प्रमाणात असतात की त्यांची फार चिंता नको. चिंता करायची ती ओळखीच्या नावाची. कॅफीन चहात असतं, म्हणून आपण त्याला घरचंच समजतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलीग्रॅम कॅफीन धरलं आहे आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलीग्रॅम सांगितली आहे. ही मर्यादा मोठ्यांसाठी. मुलांसाठी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये वजनाच्या दर किलोला दिवसाला ३ मिलीग्रॅम हा आकडा दिला.

आता पाचवीचं गणित करा. मुलाचं वजन ३० किलो. ३० गुणिले ३ म्हणजे ९०. त्या डबीतल्या दोन पुड्या म्हणजे १००. दोनच पुड्यांत दिवसाची मर्यादा ओलांडली! आणि पूर्ण डबी? २० गुणिले ५० म्हणजे १००० मिलीग्रॅम. पुदिन्याचा वास, गोड चव, खाऊसारखी डबी. घरात दोन-तीन वर्षांचं लेकरू असेल तर यातला धोका वेगळा सांगायला नको.

चहा आपण घोट घोट घेतो, गरम असतो, पोट भरतं, कप संपतो. पुडीला असं थांबवणारं काही नसतं. एक थुंकली की दुसरी. मोठ्या माणसाच्या शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला पुडी ठेवली तर दोन वाजता निम्मं अजून अंगात. मग झोप नाही, सकाळी डोकं जड, आणि ते उतरवायला पुन्हा पुडी. अभ्यास पक्का व्हायला झोप लागते, हे त्या दादाला कुणीतरी सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट मला जास्त सलते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. आपण वर्षानुवर्षं मुलांना 'पुडी नको' म्हणून सांगतो. आता तीच ओठाखाली धरायची लकब 'तंबाखूमुक्त' म्हणून परत येते. आज आत कॅफीन आहे. उद्या तशाच डबीत निकोटीन असेल तर मुलाला फरक कसा कळणार? वाचता आलं तरच!

आपण काय करू शकतो?

तुमच्या गावात हे पाउच पोहोचले नसतील. पण कॅफीनची रंगीत बाटली शाळेसमोरच्या टपरीत नक्की असेल. त्यावर 'मुलांसाठी योग्य नाही' अशी सूचना असते, ती किती जण वाचतात? शाळेपासून ५०० मीटरच्या आत अशा पेयांची विक्री बंद करण्याची घोषणा जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत झाली. तो निर्णय अमलात आणणं शासनाचं काम. अक्षरं वाचायला शिकवणं आपलं.

मी वर्गात एक साधा उपक्रम घेतला. प्रत्येकाने घरून एक रिकामं वेष्टन आणायचं आणि चार प्रश्नांची उत्तरं शोधायची. पहिला घटक कोणता? कॅफीन आहे का, असेल तर किती? एका वेळचं प्रमाण किती, आणि पाकिटात अशी किती? कुणी खाऊ नये असं लिहिलंय? मराठी, परिसर अभ्यास आणि गणित, तिन्ही एका तासात होतात.

पालकहो, घरात अशी डबी असेल तर ती औषधांसारखी उंचावर ठेवा आणि रिकामी झाली तरी मुलांना खेळायला देऊ नका. मोठ्या मुलाला रागावण्याआधी तो किती तास झोपतो ते विचारा.

आमच्या त्या विद्यार्थ्याने गुणाकार घरी जाऊन दादाला करून दाखवला. दादाने पुड्या सोडल्या का, मला माहीत नाही. पण त्याची धाकटी बहीण अडीच वर्षांची आहे, आणि डब्या आता कपाटाच्या वरच्या खणात गेल्या आहेत. मुलाने परवा स्वतःहून सांगितलं, "मॅडम, किल्ली आईकडे असते."

तुमच्या वर्गात हा उपक्रम करून पाहा आणि मुलांनी काय शोधलं ते जरूर कळवा.