अंबरनाथ केवळ मुक्कामाचे गाव नव्हे

संपादक महाशय,


लोकलने येजा करणाऱ्या चाकरमान्यांच्या वस्तीपलीकडे अंबरनाथास पूर्वेतिहास नाही, हे गतांकातील पत्रलेखकांचे विधान मला सर्वथा अमान्य आहे. वालधुनी नदीच्या काठी काळ्या पाषाणात उभे असलेले, शके ९८२ (इ. स. १०६०) च्या शिलालेखात शिलाहार राजा मम्वाणीचे नाव जपणारे आणि ज्याच्या गाभाऱ्यात आजही पायऱ्या उतरून जावे लागते, ते शिवालय लोहमार्गाहून सुमारे ८०० वर्षांनी वडील आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेत जुने रहिवासी आणि नवे बिऱ्हाडकरू एकाच रांगेत तिष्ठतात, हेही त्यांनी पाहावे. मात्र कारखान्यांच्या सांडपाण्याने वालधुनी नासली आहे. लेखणी झिजवायचीच, तर या नदीसाठी झिजवावी.

आपला,
एक अंबरनाथकर