विश्लेषण : सातपुड्यातील झाडे हवेत किती पाणी सोडतात? ते मोजतात कसे?

फैजपूर, यावल, रावेर या केळीपट्ट्यात जमिनीत मुरते त्यापेक्षा जास्त पाणी उपसले जाते. पुराचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी मुरवण्याच्या तापी महापुनर्भरण योजनेसाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेशने सामंजस्य करारही केला. पण पाण्याच्या या हिशेबातला एक मोठा खर्च डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे डोंगरातील झाडे पानांवाटे हवेत सोडतात ते पाणी, अर्थात बाष्पोच्छ्वास.

एक झाड किती लिटर?

या प्रश्नाची मोबाइलवर फिरणारी उत्तरे फारशी कामाची नसतात. १९९८ मध्ये ६७ प्रजातींवरील ५२ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा बहुतेक झाडांचा दिवसाचा कमाल वापर १० ते २०० लिटर आढळला. म्हणजे वीसपट फरक!

मोजतात कसे?

फ्रान्सच्या आंद्रे ग्रॅनिए यांनी १९८५ मध्ये मांडलेली पद्धत आजही रूढ आहे. खोडात दोन सुया खुपसतात, त्यातली एक तापवलेली असते. पाणी वेगाने वर चढले की ती थंड होते. दोन सुयांच्या तापमानातील फरकावरून वेग कळतो. वेगाला खोडातील पाणी वाहणाऱ्या लाकडाच्या क्षेत्रफळाने गुणले की झाडाचे लिटर मिळतात. दुसरा मार्ग जंगलाच्या वर उंच मनोरा उभारून हवेतून वर जाणारी वाफ मोजण्याचा. त्यात मातीतून उडालेले पाणीही मिसळते आणि डोंगरउतारावर गणित चुकण्याची भीती असते.

फसगत कुठे होते?

समजा, हेक्टरी ४०० झाडे आणि प्रत्येकी ५० लिटर. झाले दिवसाला २० हजार लिटर, म्हणजे २ मिमी पाऊस. याला ३६५ ने गुणले तर ७३० मिमी. जळगाव जिल्ह्याचा वर्षाचा पाऊसच साडेसहाशे-सातशे मिमी! मग विहिरींना काय उरणार? चूक गुणाकारात आहे. साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो, तेव्हा त्याचा खर्च जवळपास थांबतो. पायथ्याची केळी मात्र बारमाही हिरवी. तिची गरज १,८०० ते २,००० मिमी, आणि तीही बहुतांशी विहिरी-कूपनलिकांतून भागवलेली.

म्हणून जंगल कमी केले तर पाणी वाढेल, असेही नाही. बुर्किना फासोतील २०१६ च्या अभ्यासात मध्यम दाटीची झाडे असलेल्या जमिनीत सर्वाधिक पाणी मुरल्याचे दिसले. मुळे माती मोकळी करतात. उघड्या जमिनीवरून पाणी वाहून जाते, तर फार दाट झाडीत ते झाडेच पितात.

यावलसाठी नेमका आकडा हवा तर जवळचा आधार बैतूलचा. तापीचा उगम असलेल्या त्या जिल्ह्यातील सागवनात राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचा मनोरा आहे. मात्र तिथे पाऊस यावलपेक्षा बराच जास्त पडतो, त्यामुळे तिथले आकडे इथे जसेच्या तसे चालणार नाहीत. इथल्या सागाच्या खोडातच सुया खुपसाव्या लागतील.