रात्रभर चार्जिंग : समज आणि सत्य



गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर माताभगिनींमध्ये चर्चा रंगली. एका ताईंची मुलगी बारावीला आहे. अभ्यासाचे व्हिडिओ, शिष्यवृत्तीचा अर्ज, सारे काही घरातल्या एकाच मोबाईलवर. रात्रभर चार्जिंग लावले तर बॅटरी जास्त भरून खराब होईल, या धास्तीने ही माउली रात्री दोनला उठून पिन काढते. दुसऱ्या मावशी म्हणाल्या, बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंग लावूच नये. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका असे सांगितले. आम्हीही तपासून पाहिले.

मावशींचे म्हणणे जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीला लागू होते. १९९१ पासून बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी वेगळी आहे. आज मोबाईल-लॅपटॉपमध्ये तीच असते. ती पुन्हापुन्हा शून्यावर नेणे हेच तिला जाचक. पंधरा-वीस टक्के उरले की खुशाल चार्जिंग लावावे.

ताईंची भीती अर्धी खरी आहे. बॅटरी भरली की फोनमधले सर्किट विजेचा प्रवाह आपोआप थांबवते. म्हणजे घागर भरून वाहत नाही. पण बॅटरी तासन् तास शंभर टक्क्यांवर राहिली तर तिची ताकद हळूहळू लवकर घटते. त्याहून मोठा वैरी म्हणजे उष्णता. ॲपल कंपनी आपले फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरायला सांगते. मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या घरात पारा त्याच्या किती वर जातो, हे आम्ही वेगळे सांगायला नको! त्यात फोन उशीखाली ठेवून चार्जिंग लावला तर उष्णता बाहेर पडणार कुठून?

तेव्हा फोन फरशीवर किंवा टेबलावर, मोकळ्या हवेत ठेवावा. गादीवर, उशीखाली कदापि नको. चार्जिंग चालू असताना तासभर व्हिडिओ पाहू नये. चार्जर बीआयएसचे चिन्ह पाहूनच घ्यावा. स्वस्तातला बनावट चार्जर पुढे महागात पडतो. अनेक फोन व लॅपटॉपमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. दिवसभर वायर लावून चालणाऱ्या लॅपटॉपला ती जरूर लावावी. नवी बॅटरी म्हणजे हातावर पोट असणाऱ्याची काही दिवसांची मजुरी, हे विसरू नये.

बॅटरी फुगली, फोनचे झाकण उचलले गेले, तर वापर तात्काळ बंद करावा. तिला दाबू नये, टोचू नये. आणि एक कळकळीची विनंती : ती कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कचरागाडीत दाबली गेली की ती पेट घेऊ शकते. तो कचरा हाताळणारे हात बहुधा आपल्याच बांधवांचे, आपल्याच मायमाउल्यांचे असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून ती कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा ई-कचरा केंद्रात द्यावी.

त्या ताईंना आमचे एवढेच सांगणे : संध्याकाळी स्वयंपाक होईतो चार्जिंग लावा, झोपताना पिन काढा आणि रात्री निवांत झोपा. लेकीच्या अभ्यासासाठी सकाळी तुम्हालाही लवकर उठायचे असते!