गोदामांच्या ओट्यांवरचं शहर

बॅलार्ड इस्टेटमध्ये शिरलं की मुंबईत सहसा न घडणारी एक गोष्ट घडते: नजर कुठेही न अडखळता सरळ जाते. एका इमारतीचा सज्जा जिथे संपतो, तिथून त्याच पातळीवर पुढच्या इमारतीचा सुरू होतो. कुणी रस्त्यावर चाल करून आलेलं नाही, कुणी उगाच मान उंचावलेली नाही. हे आपोआप झालेलं नाही. आज जिला आपण इंदिरा गोदी म्हणतो, ती अलेक्झांड्रा गोदी खोदताना निघालेला दगड-मुरूम इथे भरावाला घातला गेला आणि पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत त्या भरावावर ही पेठ उभी राहिली. जमीन पोर्ट ट्रस्टची, आराखडा जॉर्ज विटेट यांचा. गेटवे ऑफ इंडियाही त्यांचाच. इमारती बांधणाऱ्या कंपन्या निरनिराळ्या होत्या, पण उंची, सज्जे आणि दर्शनी भाग यांच्या बाबतीत सगळ्यांना एकच शिस्त लावली होती. म्हणून इथली एखादी इमारत सुंदर आहे असं म्हणणं अपुरं वाटतं. सुंदर आहे तो रस्ता.

मुंबईच्या जुन्या वास्तूंविषयी बोलताना हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. 1995 मध्ये या शहराने वारसा जपण्याची नियमावली केली, देशात सगळ्यात आधी. त्याचं श्रेय त्यासाठी झगडलेल्या माणसांना द्यायलाच हवं. ती नियमावली नसती तर फोर्टचं काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. 2018 मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या इमारती युनेस्कोच्या यादीत गेल्या, त्याचाही आनंदच आहे. पण घुमट, कमानी, जिने यांच्यावर जडलेलं आपलं प्रेम पी. डिमेलो रस्त्याच्या तोंडाशी येऊन थांबतं. ज्या मालावर हे घुमट उभे राहिले, तो माल जिथे उतरत होता, रचला जात होता, तोलला जात होता, तिथवर ते पोचतच नाही.

गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचं नाव मिळालेला हा रस्ता पूर्वीचा फ्रियर रोड. 2013 पासून त्याच्या डोक्यावरून फ्रीवे जातो. वरून गाडीने जाणाऱ्याला पत्र्यांचा आणि कौलांचा एक करडा पट्टा दिसतो, आणि तोही मिनिटभरात मागे पडतो. खाली उतरून चाललं तर गोष्ट वेगळी आहे. वाडी बंदर, दाणाबंदर, कोळसा बंदर, लकडी बंदर. एकेका मालाचं एकेक ठिकाण आणि त्या मालाला साजेशी बांधणी. जुन्या गोदामासमोर उभं राहून त्याचा ओटा पाहावा. तो छातीपर्यंत येतो, कारण बैलगाडीतून, पुढे वाघिणीतून आणि ट्रकमधून पोतं खाली न उतरवता सरळ आत घेता यायला हवं. ओट्याची दगडी कड मधोमध घासून गोल झालेली असते. दोन टोकांना ती अजून धारदार आहे, कारण तिथे कुणी माल ओढला नाही. दार सरकतं, बाहेर उघडणारं नाही, कारण बाहेर गाडी लागलेली असते. वर छपराजवळ लांबट जाळीचे झरोके आहेत, धान्य तापू नये म्हणून. कुणा नामवंत वास्तुरचनाकाराचं नाव या भिंतीवर नाही. पण कामाचं इतकं नेमकं भान असलेल्या इमारती या शहरात फार थोड्या आहेत.

त्या कडा ज्यांच्या श्रमाने झिजल्या, ती माणसं बहुतेक आपलीच. सातारा, जुन्नर, कोकणातून आलेली. गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी, खानावळीत महिन्याच्या खात्यावर जेवणारी. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि 1969 मध्ये माथाडी कायदा आला. पाठीवरून पोती वाहणाऱ्या माणसाला कायद्याने ओळख मिळाली, भविष्य निर्वाह निधी मिळाला. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातलं हे मोठं पान ज्या गल्ल्यांमध्ये लिहिलं गेलं, त्या गल्ल्यांत त्याची खूण म्हणून एक फलकही नसावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या गल्ल्या ओस पडण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. कंटेनर आला. 1989 मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. धान्याचा घाऊक बाजार वाशीला गेला. कंटेनरला ओटा लागत नाही, गोदाम लागत नाही, पाठ तर लागतच नाही. त्याला लागतं मोकळं पटांगण आणि क्रेन. काळ पुढे जाणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेजारच्या गिरणगावाचं काय झालं हे आपण पाहिलं आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, आणि पुढे त्या जमिनींवर मनोरे आणि मॉल उभे राहिले. काही चिमण्या राखल्या गेल्या. पण चिमणीभोवतीची भिंत, फाटक, पाळी सुटताना भरून वाहणारा रस्ता, समोरची खानावळ, हे सगळं गेल्यावर एकट्या चिमणीला पाहून कुणाला काय कळणार?

बंदराच्या बाजूला हे होऊ नये असं वाटतं, कारण इथे अजून वेळ आहे. ही सगळी सलग जमीन एकाच मालकाची, तीही सार्वजनिक. बॅलार्ड इस्टेटला शिस्त लागली ती याच मालकामुळे. तेव्हा जे जमलं, ते आता का जमू नये? बंदराच्या जमिनीच्या नव्या आराखड्यात किनाऱ्याला फिरण्याच्या वाटा द्या, बागा द्या, घरं द्या. पण गोदामांच्या दोन-तीन रांगा त्यांच्या ओट्यांसह, मधल्या रस्त्यासह आणि जिथे बंदर रेल्वेचे रूळ अजून आहेत तिथे त्या रुळांसह तशाच ठेवा. आत वाचनालय करा, बाजार भरवा, शाळा चालवा. एखादं गोदाम नमुना म्हणून ठेवून बाकी सपाट केलं, तर ते न ठेवल्यासारखंच.

कर्नाक पुलाचं उदाहरण ताजं आहे. मस्जिद स्थानकाजवळचा एकोणिसाव्या शतकातला हा पूल धोकादायक झाला होता, 2022 मध्ये पाडला गेला, आणि 2025 मध्ये त्या जागी नवा पूल नव्या नावाने खुला झाला. पाडताना पुलाचं नाव कोरलेले काळे पाषाण निघाले, इंग्रजीत, मराठीत आणि गुजरातीतही. रेल्वेने ते जपले, हे चांगलंच झालं. तरी ते दगड जिथे वाचले जायचे, तो रस्ता त्यांच्यापासून तुटलाच.

कॉटन ग्रीनला गेलं की मात्र अजून कापसाचं शहर हाताला लागतं. कुलाब्याचा कापसाचा बाजार 1920 च्या दशकात इथे आला. कापसाच्या गाठींना आग लागली तर ती पसरू नये म्हणून गोदामांमध्ये रुंद रस्ते सोडले गेले. आगीची ती भीती किती खरी होती, ते 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत कळलं. फोर्ट स्टिकाइन या एकाच जहाजात स्फोटकं आणि कापूस एकत्र भरला होता. त्या आगीत आणि स्फोटांत अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. कॉटन एक्स्चेंजची इमारत आजही उभी आहे आणि तिच्या भोवतीच्या रस्त्यांची रुंदीही अजून तशीच आहे.

जवळच शिवडीला बीडीडीच्या 12 चाळी आहेत. 160 चौरस फुटांची खोली, मजल्यावर सगळ्यांना मिळून संडास. कुणी कितीही जुन्या आठवणी सांगो, या खोल्या जशाच्या तशा राखा असं मी कधीही म्हणणार नाही. तिथल्या माणसांना प्रशस्त घर मिळालंच पाहिजे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, 2025 मध्ये वरळीतल्या काही कुटुंबांच्या हाती 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्याही पडल्या. शिवडी मागे राहिली, कारण जमीन बंदराची, म्हणजे केंद्राची. त्यामुळे बंदराच्या जमिनीचा कोणताही आराखडा टेबलावर येईल, तेव्हा त्यावर सगळ्यात आधी या 12 चाळींची घरं असावीत, दोन चाळींमधला गणपतीचा आणि दहीहंडीचा चौक नकाशावर चौक म्हणूनच दाखवलेला असावा, आणि मगच समुद्राकडच्या मनोऱ्यांची उंची ठरवायला बसावं.