खर्जाचा स्वर



गेल्या जून महिन्यांत, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, प्रस्तुत लेखकानें एक नवें वाद्य विकत घेतलें. तें वाद्य म्हणजे चार तारांची बेस गिटार. नागपुराहून तें लांबलचक खोकें घेऊन मी यवतमाळच्या स्थानकावर उतरलों, तेव्हां एका स्नेह्यांनीं हंसून विचारलें, "सर, या वयांत हें काय आरंभिलेंत?" दुसऱ्यांचा प्रश्न अधिक गंभीर होता : "एवढ्या पैशांत शाळेची पेटी दुरुस्त झाली असती, चार गरीब मुलांच्या वह्यापुस्तकांची सोय झाली असती. आपल्या भजनांत हें परदेशी वाद्य कशाला?" हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि त्यांस उत्तर देणें माझें कर्तव्य आहे.

हें वाद्य कसें असतें, तें प्रथम थोडक्यांत सांगतों. साध्या गिटारीस सहा तारा असतात; हिला बहुधा चारच, आणि त्यांचे स्वर साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खालीं असतात. तार जितकी लांब, जाड व सैल, तितका तिचा स्वर खालचा, हा नियम विज्ञानाच्या तासास आपण शिकतां. म्हणूनच हिच्या तारेचा कंप पावणारा भाग सुमारें ३४ इंच लांब असतो, आणि सर्वांत खालची तार अडीच मिलिमीटरांहून अधिक जाड असते. इतकी जाड तार ताठर होऊं नये म्हणून पोलादाच्या बारीक गाभ्यावर दुसरी तार घट्ट गुंडाळलेली असते. ही तार छेडली म्हणजे सेकंदास सुमारें ४१ कंपनें होतात. माणसाच्या कानाची खालची मर्यादा सुमारें २० कंपनांची आहे. यावरून हा स्वर किती खोल आहे, हें ध्यानीं यावें. वाद्याचें लाकूड भरीव असल्यामुळें त्याचा स्वतःचा आवाज अगदीं क्षीण असतो. परंतु तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या केसासारख्या तारेचें वेटोळें बसविलेलें असतें. वरची तार हालली कीं वेटोळ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो व ध्वनिवर्धक त्यास मोठा करितो. फॅरेडेनें १८३१ सालीं दाखविलेला नियम तो हाच.

पूर्वीं वाद्यवृंदांत हा खालचा स्वर सुमारें सहा फूट उंचीच्या उभ्या वाद्यावर वाजवीत. तें प्रवासांत नेणें कठीण, आणि इतर वाद्यांच्या गर्दींत तें ऐकूंही येत नसे. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील पॉल टटमार्क यानें विजेवर चालणारें लहान वाद्य केलें, पण तें रुजलें नाहीं. पुढें १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यानें आणलेली बेस गिटार मात्र जगभर पसरली. हा फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. दुसऱ्यांचें वादन नीट ऐकूं यावें यासाठींच त्यानें आयुष्य वेचलें.

आतां अनुभव सांगतों. पहिल्या दिवशीं वाद्य गळ्यांत अडकविलें, तेव्हां त्याच्या भारानें खांदा दुखूं लागला. आठ दिवसांत बोटांना फोड आले. पण पहिलाच स्वर काढला तो कानाआधीं बरगड्यांना कळला! लाकूड छातीस टेकलेलें असल्यामुळें तो स्वर अंगांतूनच उठल्यासारखा वाटला, आणि मला एकाएकीं बालपण आठवलें. आपला जिल्हा कापसाचा. दिवाळीच्या सुमारास आमच्या आळींत पिंजारी येई व अंगणांत बसून गादीचा कापूस पिंजी. त्याच्या पिंजणाला एकच तांत. पण तिचा धीरगंभीर नाद घराच्या भिंतींना जाणवे. आम्हीं मुलें हातांतला खेळ टाकून तो ऐकत उभीं राहात असूं. म्हणजे ज्याला मी परदेशी समजत होतों, तो स्वर माझ्या अंगणांतलाच होता. आपल्या गवयांनीं त्याला 'खर्ज' असें नांव केव्हांच देऊन ठेविलें आहे.

वाद्याच्या परकेपणाविषयीं आणखी एक दाखला देतों. आज जिच्यावांचून एकही भजनी मंडळ बसत नाहीं, ती पेटी कोठली? हार्मोनियमचें पेटंट पॅरिस येथें देबें नांवाच्या कारागिरानें १८४२ सालीं घेतलें. पुढें कलकत्त्यास तिला मांडी घालून वाजविण्याजोगें रूप मिळालें. महाराष्ट्रांत गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनीं तिला मान मिळवून दिला. तरीही १९४० पासून १९७१ पर्यंत नभोवाणीवर तिला बंदी होती! तिच्यावर मींड निघत नाहीं, हा आक्षेप खराही होता. पण लोकांनीं तिला घरांतून घालविलें नाहीं.

तथापि आक्षेपकांच्या बोलण्यांत एक मोठें सत्य आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं मराठी ख्रिस्ती गीत ओवी-अभंगाच्या वळणावर आणलें, तें उगाच नव्हे; परक्या चालींवर मराठी शब्द अवघडून बसतात, हें त्यांनीं ओळखलें होतें. म्हणून माझीही एक अट आहे. वाद्यानें गीताच्या मागें चालावें, गीतानें वाद्याच्या मागें नव्हे. ध्वनिवर्धकाची कळ पिळून खिडक्या हादरविणें म्हणजे बेस वाजविणें नव्हे. पैशांविषयीं म्हणाल तर ते माझ्या पदरचे होते. परंतु वह्यांपेक्षां वाद्य श्रेष्ठ असें मी म्हणणार नाहीं. म्हणूनच तें घरीं न ठेवितां मुलांच्या हातीं दिलें आहे.

आतां मुख्य गोष्ट. यंदाच्या स्नेहसंमेलनांत इयत्ता नववींतील एका मुलानें ही गिटार वाजविली. घाटंजीकडील एका खेड्याहून त्याचे वडील मुद्दाम आले व तिसऱ्या रांगेंत बसले. कार्यक्रम आटोपल्यावर ते मला म्हणाले, "सर, माह्या पोराचा आवाज कोणता होता? मले तं कायीच आयकू नाई आलं." मुलानें मान खालीं घातली. थोड्या वेळानें तो हळूच म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी मले पेटी द्या, नाही तं गायला उभं करा. हे नको."

मी त्या दोघांस संगीताच्या खोलींत नेलें. मुलांना तेंच गीत पुन्हां म्हणावयास सांगितलें, व दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर या मुलास थांबण्याची खूण केली. गाणारीं मुलें गातच होतीं, पेटी वाजतच होती, तबला चालूच होता. वडिलांनीं चटकन् वर पाहिलें. "काय थांबलं? गानं रितं झालं."

"तोच तुमच्या मुलाचा आवाज," मी म्हणालों.

ते क्षणभर स्तब्ध राहिले. मग त्यांनीं विचारलें, "पण सर, याचे मार्क भेटतील काय?" मी खरें तेंच सांगितलें, कीं भेटणार नाहींत.

पालकहो, हा प्रश्न मी हंसण्यावारी नेत नाहीं. शेतांतला कापूस विकून मुलास शिकविणाऱ्या बापाला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु आपण सर्वांनींच मुलांस एकच गोष्ट शिकविली आहे : पुढें ये, सर्वांना दिसशील असा उभा राहा. शंभर मुलांच्या वर्गांत पहिला एकच येतो. उरलेल्या नव्व्याण्णवांना आपण काय शिकविलें? चार स्वर असले तरी ते योग्य ठिकाणीं द्यावेत, दुसऱ्याची लय सांवरावी, आणि टाळ्या दुसऱ्यास मिळाल्या तरी आपला ठेका सोडूं नये, हें शिक्षण क्रमिक पुस्तकांत नाहीं. मला स्वतःला तें पंचेचाळिसाव्या वर्षीं, बोटांना फोड आल्यावर थोडेंसें कळूं लागलें आहे. मुलांना तें चौदाव्या वर्षींच कां मिळूं नये? आणि मुलींनाही कां नको? १९९६ सालीं जन्मलेली मुंबईची मोहिनी डे ही हें वाद्य आपल्या वडिलांपाशीं शिकली व आज देशोदेशीं तें वाजविते.

तो मुलगा पुढच्या वर्षीं काय निवडील, हें त्यानें अद्याप सांगितलेलें नाहीं, व मीही त्यास आग्रह केलेला नाहीं. गिटार संगीताच्या खोलींत खुंटीस टांगलेली आहे. माझी विनंती एवढीच, कीं पुढील संमेलनांत आपला मुलगा मागच्या रांगेंत दिसला, तर "तुझा आवाज कोठें होता?" असें त्यास लगेच विचारूं नका. क्षणभर डोळे मिटून ऐका. तो बहुधा सर्वांच्या पायाखालीं असेल.