यंत्राचें गणित आणि जोशीबोवांचें भाकीत

महाड-पोलादपुराकडील शेतकरी व कारागीर बंधूंनो! हल्लीं जोशीबोवांच्या बैठकींत पंचांगाशेजारीं संगणक येऊन बसला आहे. जन्मवेळ सांगितली कीं क्षणांत पत्रिका छापून हातांत पडते, आणि आपला भोळा माणूस म्हणतो, 'यंत्र खोटें कसें बोलेल?'

यंत्र खोटें बोलत नाहीं, हें खरें. पण तें बोलतें काय? अमुक दिवशीं अमुक वेळीं शनि आकाशांत कोठें असेल, एवढेंच. ग्रह कोणत्या नियमानें फिरतात हें ठाऊक आहे, म्हणून त्यांचें पुढचें ठिकाण गणितानें निघतें. शनि तेथें आहे म्हणून तुमच्या मुलीचें लग्न मोडेल, हें वाक्य गणितांतून निघत नाहीं. तें कोणी माणसानें मागाहून यंत्रांत भरलेलें असतें. खऱ्या आंकड्याच्या पाठीवर बसून खोटें भय घरांत शिरतें, आणि शांतीचे रुपये तुमच्या कनवटीचे जातात!

हें गणित कोणा एकाची मिरास आहे काय? रायगड जिल्ह्यांतच मुरुडजवळच्या नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें १५२० सालीं 'ग्रहलाघव' रचून ग्रह काढण्याची सोपी रीत दिली. (तो ब्राह्मण होता म्हणून त्याचे श्रम आम्ही नाकारणार नाहीं.) आज स्टेलॅरियम नांवाचा प्रोग्रॅम संगणकावर फुकट मिळतो. त्यांत महाड किंवा पोलादपूर घालून पाहा. मे महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास, दुपारीं साडेबारा वाजून गेल्यावर, सूर्य बरोबर डोक्यावर दिसेल. त्या वेळीं अंगणांत गवंड्याच्या ओळंब्यानें काठी सरळ उभी करा आणि सावली शोधा. पत्रिकेंतल्या एका तरी भाकिताची अशी परीक्षा कोणी घेऊं देतो काय?

सावित्रीकांठच्या लोकांना या गणिताची खरी गरज दुसरीच आहे. चंद्रसूर्यांच्या स्थितीवरून भरतीच्या वेळा आधींच काढतां येतात. २०२१ च्या जुलैंत २२ तारखेला महाड पाण्याखालीं होतें तेव्हां पौर्णिमा दोनच दिवसांवर होती. खाडींत उधाणाचे दिवस लागले होते. पाऊस किती पडेल, तळियेवर दरड केव्हां येईल, हें ग्रहगणित सांगत नाहीं. पण डोंगरांतून लोंढा उतरत असतां खालून भरती केव्हां चढेल, हें त्यावरून कळतें. ग्रामपंचायतींनीं मृगापूर्वींच उधाणाचे दिवस व भरतीच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून चावडीवर लावाव्या. शाळामास्तर व दोन हुशार पोरें हें काम एका दुपारीं उरकतील.